कडकोळची सुनावणी

सुनावणीच्या दिवशी सकाळी अप्पारावांनी कपाटातून बंद गळ्याचा कोट काढला, आणि तेव्हाच किरणकुमारला कळून चुकलं की आता त्यांना कोणी अडवू शकणार नाही. हा कोट फक्त लग्नकार्याला आणि रंगारी समाजाच्या सभेलाच अंगावर चढायचा. गेल्या वर्षीच्या ऑपरेशननंतर तो त्यांना ढगळ होऊ लागला होता. खांद्यावरून घसरला की ते तो वर ओढून घ्यायचे आणि चूक कोटाचीच असल्यासारखे त्याच्याकडे रागानं बघायचे.

"अप्पा, मांडवात उकडेल. साधा शर्ट घाला," किरण म्हणाला.

"सरकारसमोर बोलायचं आहे. शर्टात कसं जाऊ?"

किरणनं काढलेला शर्ट परत खुंटीला लावला. हल्ली तो बहुतेक वेळा गप्पच बसायचा. नंजनगूड रस्त्यावरच्या कडकोळ गावी नीलगंगा डायकेम या रंगाच्या कारखान्यात तो उत्पादन विभागाचा इनचार्ज होता आणि कंपनीला तिथंच नवा प्लांट टाकायचा होता. रंग बनवण्यासाठी लागणारं एक जहाल रसायन आता बाहेरून न आणता तिथंच तयार करायचं होतं. शिवाय कामगारांच्या लघवीची आणि आसपासच्या बोअरवेलच्या पाण्याची तपासणी कंपनीच्याच प्रयोगशाळेत होईल, बाहेरच्यांची गरज नाही, असंही अर्जात लिहिलं होतं. सरकारनं त्यावर लोकांचं म्हणणं मागवलं होतं. लेखी हरकतींची मुदत संपली होती. आज समोरासमोर बोलायचं होतं.

जनरल मॅनेजरनी पंधरवड्यापूर्वी किरणला केबिनमध्ये बोलावून कॉफी पाजली होती. "तुमचे वडील म्हणजे जुने रंगारी. ते दोन शब्द बोलले तर लोकांची भीती जाईल," असं ते म्हणाले होते. किरणनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. "बघू, सर," म्हणाला होता. पुढचं सगळं नागोजीकाकांनी केलं. नागोजीराव म्हणजे अप्पारावांचे धाकटे भाऊ, समाजाचे अध्यक्ष. समाजाच्या अर्धवट राहिलेल्या सभागृहावर कंपनी पत्रे घालून देणार होती. त्यांनी बोलणाऱ्यांच्या यादीत थोरल्या भावाचं नाव परस्पर देऊन टाकलं आणि मग घरी येऊन सांगितलं.

अप्पारावांना ते आवडलं होतं. कित्येक वर्षांत त्यांना रंगाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं.

स्वयंपाकघरात किरणची बायको कांचन तांदळाच्या पिठाची अक्की रोट्टी थापत होती आणि आई इंदिराबाई कॉफी गाळत होत्या, तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. चैत्रा आली होती. किरणची धाकटी बहीण, हूटगळ्ळी भागात राहणारी, पीयू म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी. चपला काढता काढताच तिनं वडिलांचा कोट पाहिला.

"म्हणजे जाणारच तुम्ही?"

"बस आधी. कॉफी घे," अप्पाराव म्हणाले.

"अप्पा, तुमच्या मूत्राशयात गाठ होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला, आठवतंय? आयुष्यभर काय काम केलंत, असं विचारलं. तुम्ही रंगारी म्हणालात, तर त्यांनी नुसती मान डोलावली. आश्चर्यसुद्धा वाटलं नाही त्यांना. रंगाऱ्यांना ही गाठ होते, हे त्यांना ठाऊकच होतं."

"डॉक्टरनं विचारलं, मी सांगितलं. गाठ काढली. आयतु, संपलं."

"आणि लोकांना काय सांगितलंत? मुतखडा!"

"चैत्रा!" इंदिराबाई दारातून म्हणाल्या. "हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की, आई."

"तुला काय जातं ऐकू देत म्हणायला?" तव्यापाशी उभी असलेली कांचन वळलीसुद्धा नाही. "तुम्ही लोक सरकारी पगारावर. आमचं घर त्याच कंपनीवर चालतं. आमच्या लेकीचं, पुजिताचं अजून इंजिनीअरिंगचं एक वर्ष बाकी आहे. मामंजी जाऊन दोन गोड शब्द बोलले तर कोणाचं काय बिघडतं? ते बोलल्यानं प्लांट होणार नाही आणि न बोलल्यानं थांबणार नाही."

"मग बोलायचंच कशाला, वैनी?"

"कारण नाही बोलले तर तुझ्या अण्णाला कोपऱ्यात बसवतील. म्हणून."

दोघी किरणकडे बघू लागल्या. आईही बघू लागली. किरणनं रोट्टीचा तुकडा तोडला आणि तो नुसता बोटांत धरून ठेवला. त्याला एवढंच वाटत होतं की हा दिवस कसाबसा सरावा, मग संध्याकाळी आंघोळ करून झोपावं. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा करण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"अण्णा, तू तरी काही बोल," चैत्रा म्हणाली.

"अप्पांची इच्छा आहे," तो म्हणाला. हे खरंही होतं आणि आपली सुटका करून घेणंही होतं. तिघींनाही ते कळलं.

अप्पारावांनी कॉफीचा लोटा खाली ठेवला. "एक सांगतो. मी कंपनीसाठी जात नाही. नागोजीसाठी तर नाहीच नाही. पेपरात रोज येतं, रंग म्हणजे विष, रंग म्हणजे विष. माझ्या आज्ज्यानं राजवाड्यातली पागोटी रंगवली. तो काय विष विकत होता? कोणीतरी सांगायला नको?"

बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला आणि नागोजीकाकांचा आवाज आला, "दादा, चला, उशीर होतोय!"

*

कंपनीच्या फाटकापासून थोडं पुढं, शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. नंजनगूडकडे जाणाऱ्या लॉऱ्यांच्या आवाजात माईकमधलं बोलणं मधूनच बुडून जायचं. मंचावर अप्पर जिल्हाधिकारी बसले होते आणि शेजारी पर्यावरण अधिकारी बाई, समोर कागदांचा गठ्ठा ठेवून. एक माणूस सगळ्याचं चित्रीकरण करत होता. डाव्या बाजूच्या खुर्च्यांवर आसपासच्या गावांतले लोक, उजव्या बाजूला कंपनीनं आणलेले. असं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. लोक आपोआप तसे बसले होते. कंपनीकडून ताक आणि आंबट पुळियोगरे भाताची पाकिटं वाटली जात होती आणि ती मात्र दोन्ही बाजूंनी घेतली.

घरची माणसं उजवीकडे बसली. मागून स्कूटरनं आलेली चैत्रा डावीकडे जाऊन बसली.

कंपनीच्या सल्लागारानं पडद्यावर नकाशे दाखवले. मग लोक बोलू लागले. एक बाई प्लास्टिकच्या बाटलीत पाणी घेऊन आली होती. "हे आमच्या बोअरचं," ती कन्नडमध्ये म्हणाली. "यात भात शिजवला तर पिवळा होतो. साहेब, तुम्ही पिऊन दाखवा." कोणी हसलं नाही. अधिकारी बाईंनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवून ती बाजूला ठेवली. त्यांचा चेहरा शांत होता, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. अशा किती बाटल्या त्यांनी आजवर बाजूला ठेवल्या असतील, असं किरणच्या मनात आलं.

मग अप्पारावांचं नाव पुकारलं गेलं.

ते काठी न घेता मंचापाशी गेले. माईक तोंडासमोर कसा धरायचा ते त्यांना जमेना, तेव्हा तिथल्या माणसानं तो धरला. ते कन्नडमध्येच बोलले, पण रंगांची नावं आली की आपसूक घरच्या मराठीत शिरायचे.

"पूर्वी यंत्रं नव्हती," ते म्हणाले. "कढईत रंग उकळला की मी त्यात बोट बुडवायचो आणि जिभेला लावायचो. आंबटपणा कळायचा. मीठ कमी की जास्त, ते कळायचं. माझी जीभ हीच माझी प्रयोगशाळा. काळा रंग चढवायचा असेल तर कोपरापर्यंत हात आत. रात्री जेवताना भात निळा व्हायचा. बायको हसायची."

मांडवात हशा पिकला. डावीकडचेही हसले. इंदिराबाईंनी पदर तोंडाशी नेला. किरण वडिलांकडे बघत राहिला. इतके देखणे ते त्याला कित्येक दिवसांत दिसले नव्हते.

"माझं आता वय झालंय. रंगानं मला कधी काही केलं नाही. मला कसला आजार नाही. रंगाला विष म्हणू नका, एवढीच विनंती."

उजवीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. नागोजीकाका उभे राहून टाळ्या वाजवत होते. जनरल मॅनेजरनी लांबूनच किरणकडे बघून मान हलवली. चैत्रा खाली मान घालून बसली होती.

अप्पाराव खाली उतरले ते खुर्चीकडे आलेच नाहीत. कोटाचं टोक मुठीत आवळून ते भराभर शाळेच्या मागच्या बाजूला निघाले. ऑपरेशनपासून त्यांना लघवी फार वेळ धरवत नसे. किरण उठून मागोमाग गेला. शाळेच्या संडासाला कुलूप होतं. अप्पाराव मागच्या भिंतीपाशी उभे होते, एक हात भिंतीवर टेकलेला.

"या, मी धरतो," किरण म्हणाला.

"नको. जा तू."

पण तो गेला नाही, आणि त्यानं पाहिलं. चुन्यानं रंगवलेल्या भिंतीवर गुलाबी ओघळ उतरला होता. पातळ, पण ओळखू येईल असा. आयुष्य रंगांत घालवलेल्या घरातला माणूस होता तो. कुठला रंग कशाचा, हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं.

अप्पारावांनी कपडे सारखे केले. मुलानं पाहिलंय हे त्यांना समजलं.

"काल भाजीला बीटरूटचं पल्य होतं," ते म्हणाले. "त्याचा रंग आहे."

"कधीपासून, अप्पा?"

"सुम्ने, उगाच कशाला वाढवतोस? बीटरूट आहे म्हटलं ना." मग आवाज खाली आणून, अगदी थकल्यासारखे म्हणाले, "चैत्राला सांगू नको. आज नको."

परत मांडवात आल्यावर किरण आईशेजारी बसला.

"आई, काल पल्य कशाचं होतं?"

"बीन्सचं. का रे?"

इंदिराबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या, आणि पुढं काही विचारलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या समोर बघत राहिल्या. त्यांना ते आधीच ठाऊक होतं, हे किरणला त्या क्षणी कळलं. या घरात प्रत्येक जण दुसऱ्याला सांभाळायला म्हणून काही ना काही लपवून बसला होता, आणि त्या ओझ्यानं सगळेच वाकले होते.

तो उठला आणि मंचाच्या कडेला गेला. अधिकारी बाई लिहीत होत्या.

"मॅडम, आत्ता बोलले ते माझे वडील. त्यांचं बोलणं काढून टाकता येईल का?"

बाईंनी वर पाहिलं. "का?"

"ते बरोबर नाही."

"रेकॉर्ड झालेलं काढता येत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता. नियम सांगण्याचा सराव तेवढा होता. "कोणाचंच काढत नाही आम्ही. उद्या कोणीही म्हणेल, माझं काढा. तुम्हाला भर घालायची असेल तर नाव द्या. बोला."

किरण तिथंच उभा राहिला. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात लटकत होतं. समोर कांचन बसली होती, डोळे मोठे करून मानेनं नको नको म्हणत होती. तिचं काही चुकत नव्हतं. चैत्राचंही चुकत नव्हतं. अप्पांचंसुद्धा एका परीनं बरोबरच होतं. पण भिंतीवरचा तो ओघळ आता वाळत असेल, आणि मांडवातले लोक घरी जाऊन सांगतील की तो म्हातारा रंगारी बघा, बोट चाटायचा, त्याला काही झालं नाही.

"किरणकुमार," तो म्हणाला. "लिहा."

त्याला भाषण येत नव्हतं. माईक हातात आल्यावर त्यानं आधी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं.

"मी याच कंपनीत काम करतो," तो म्हणाला. "उत्पादन विभागात. आमच्याकडे दर वर्षी तब्येत तपासतात. वजन, बीपी, डोळे. लघवी तपासायला हवी असं कागदावर आहे, पण ती तपासत नाहीत. पाण्याचे नमुने घ्यायला बाहेरचे लोक यायचे असले की आम्हाला आधी कळतं. त्या दिवशी प्लांट बंद असतो. आता तीही तपासणी कंपनीच करणार, असं लिहिलंय."

"मिस्टर किरणकुमार!" जनरल मॅनेजर उभे राहिले. अप्पर जिल्हाधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना बसवलं.

"प्लांट नको असं मी म्हणत नाही," किरण म्हणाला. "माझं पोट त्याच्यावर आहे. रंग विष आहे असंही म्हणत नाही. पण आमची तपासणी आम्हीच करायची, हे नको. बाहेरच्यांनी करावी. न सांगता यावं. गेल्या वर्षी माझ्या घरातल्या एका माणसाच्या मूत्राशयात गाठ निघाली. ती लवकर कळली असती तर..." त्यानं मंचाकडे पाहिलं. "एवढंच."

टाळ्या वाजल्या नाहीत. डावीकडचे लोक त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत होते आणि उजवीकडचे जमिनीकडे. नागोजीकाका पुटपुटले, "घात केलास रे, अय्यो, घात केलास." किरण खुर्चीकडे परतला तेव्हा कांचन तिथं नव्हती. ती उठून पलीकडे, चैत्राशेजारी जाऊन बसली होती. चैत्रा तिचा हात धरायला गेली तर तिनं तो झटकला. पण तिथून उठली नाही.

अप्पाराव समोर बघत होते. मुलाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "चारचौघांत," ते एवढंच म्हणाले. "चारचौघांत बोललास."

मग जो आला तो बोलून गेला. ऊन चढलं, ताक संपलं. शेवटी नियमाप्रमाणे अधिकारी बाईंनी दिवसभराचा सारांश वाचून दाखवायला घेतला. निम्मे लोक निघून गेले होते. आवाज एकसुरी होता. त्यात बाटलीतलं पाणी एका ओळीत आलं, पिवळा भात आलाच नाही.

"अप्पाराव, ज्येष्ठ नागरिक. प्रकल्पाला पाठिंबा. रंगकामाचा दीर्घ अनुभव, आजार नाही," त्यांनी वाचलं. "किरणकुमार, कंपनीचे कर्मचारी. तपासणी बाहेरच्या संस्थेकडून व्हावी अशी हरकत. घरातल्या एका व्यक्तीला मूत्राशयाचा आजार झाल्याचा उल्लेख." सगळं वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोणाला काही दुरुस्ती सुचवायची आहे?"

अप्पाराव उठले. किरणला वाटलं, ते पुन्हा शाळेमागं निघाले. पण ते होते तिथंच, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"ज्येष्ठ नागरिक नको," ते म्हणाले. "रंगारी लिहा."

बाईंनी लिहिलं. "आणखी काही?"

"त्याच्या बोलण्यात घरातली एक व्यक्ती म्हणून जे आहे ना..." कोट खांद्यावरून घसरला. या वेळी त्यांनी तो वर ओढला नाही. "तिथं माझं नाव घाला."

पर्यावरण अधिकारी बाईंनी पेन थांबवलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मग तुमचा पाठिंबा काढून घेताय का, आजोबा?"

"नाही. मी बोललो ते बोललो. आणि तो बोलला तेही खरं. दोन्ही लिहा."

*

नागोजीकाकांची व्हॅन त्यांना न घेताच निघून गेली. चैत्रा स्कूटरवरून पुढं गेली. बाकीचे चौघे नंजनगूड रस्त्यावर बसची वाट बघत उभे राहिले. कांचननं सासऱ्यांच्या डोक्यावर आपली छत्री धरली होती, नवऱ्याशी मात्र ती एक शब्द बोलत नव्हती. पुढं बरेच दिवस बोलली नाही. दोन दिवसांनी किरणची बदली गोदामात झाली, आणि प्लांटला मंजुरी मिळाली ती दसरा उलटल्यावर. बाहेरच्या संस्थेनं न कळवता तपासणी करावी, अशी एक अट तिच्यात होती. ती अट किती पाळली जाईल, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि किरणला त्याचा आनंद मानायचं बळही नव्हतं. पण बसस्टॉपवर उभं असताना यातलं काहीच घडलं नव्हतं. नुसती धूळ होती आणि लॉऱ्या होत्या.

बस आली. अप्पाराव खिडकीशी बसले, किरण त्यांच्या शेजारी.

"तू किती वर्षं आहेस त्या प्लांटात?" अप्पारावांनी अचानक विचारलं.

"पुजिता बालवाडीत होती तेव्हापासून."

"तुझी तपासणी कधी केलीस?"

किरण बाहेर बघू लागला. हा प्रश्न त्याला कोणीच विचारला नव्हता. चैत्रानं नाही, कांचननं नाही, त्यानं स्वतःसुद्धा नाही.

"करतो, अप्पा. पुढच्या आठवड्यात."

अग्रहाराचा स्टॉप आला तसे अप्पाराव समोरच्या सीटचा आधार घेत उठले. मागच्या सीटवरून इंदिराबाई म्हणाल्या, "अहो, आपलं घर पुढं आहे."

"तुम्ही दोघी व्हा पुढं. आम्ही येतो."

रस्ता ओलांडून दोघं चालू लागले. डॉक्टर जिथं पाठवायचे ती लॅब कोपऱ्यावरच होती. काउंटरमागची मुलगी डबा उघडून उशिरा जेवत होती. तिनं घाईनं हात पुसला आणि रजिस्टर पुढं ओढलं.

"लघवी तपासायची आहे," अप्पाराव म्हणाले.

"कोणाची?" तिनं विचारलं.

अप्पारावांनी मुलाकडे पाहिलं. मग अंगातला कोट काढून व्यवस्थित घडी घालून त्याच्या हातात दिला.

"दोघांची," ते म्हणाले.